हौशी रेडिओची केबल
शहापूर तालुक्यातील शेणव्यासारख्या गावी, जेथे आषाढातील पर्जन्य कौलांसही उसंत देत नाही, तेथे सरकारी परवाना मिळवून हौशी रेडिओकेंद्र उभारणाऱ्याने यंत्राइतकीच चिंता अँटेनाकडे जाणाऱ्या कोॲक्सियल केबलची वाहावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. केबल ५० ओहमांची घ्यावी. दूरचित्रवाणीची ७५ ओहमांची असते, ती नव्हे. ७ मेगाहर्ट्झवर ३० मीटर लांबीची सडपातळ आरजी-५८ केबल सुमारे चतुर्थांश शक्ती गिळते, हे सह्य. परंतु १४५ मेगाहर्ट्झवर तीच केबल सुमारे तीन-चतुर्थांश शक्तीचा उष्णतेत व्यय करते, म्हणून तेथे जाड आरजी-२१३ची तजवीज करावी. बाहेरच्या जोडावर जलरोधक फीत घट्ट गुंडाळावी. तांब्याच्या जाळीत एकदा ओल शिरली की केबल बदलण्यावाचून गत्यंतर नाही.