उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी



सिन्नरला आलेला पाहुणा गोंदेश्वराच्या दर्शनावाचून सहसा परतत नाही. मध्यभागी महादेवाचे मुख्य मंदिर आणि भोवती चार लहान मंदिरे, असे हे यादवकालीन पंचायतन. त्याच्या शिल्पांचे कौतुक सर्वच जण करतात. त्यामागील नियोजनाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. दगडावर दगड बसवायचा, तर वरच्या थराचा विचार खालचा थर घडवतानाच झालेला असावा लागतो. शिखर शेवटी चढते. परंतु त्याचा भार किती, हे पाया खणतानाच ठाऊक असावे लागते. प्रकल्प व्यवस्थापनाचे पहिले सूत्र हेच आहे : शेवटच्या पायरीचा विचार सर्वांत आधी.

याच तालुक्यात या सूत्राची दुसरी बाजूही पाहावयास मिळते. गुळवंच-मुसळगाव परिसरात 1350 मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. प्रत्येकी 270 मेगावॅटचे पाच संच. पहिला संच 2014 साली, तर उर्वरित 2017 पर्यंत तयार झाले. परंतु वीज विकत घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार झालेला नव्हता आणि कोळसा आणणारा लोहमार्ग भूसंपादनात अडकून अपुरा राहिला. चिमण्या उभ्या राहिल्या, पण धूर निघेना. 2022 साली हा प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. यंत्रे बसविणाऱ्यांनी आपले काम केले होते. अडले ते यंत्रांच्या आधीचे आणि नंतरचे दुवे. ज्या परिसरातील शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, त्यांच्या दृष्टीने ही केवळ ताळेबंदातील तूट नव्हे.

आता देवनदीकडे वळू. या नदीवर शंभर वर्षांहून जुने वळण-बंधारे आहेत. बंधाऱ्याने पाणी अडवायचे, पाटाने वळवायचे आणि केवळ उताराच्या बळावर शेतापर्यंत न्यायचे. ना वीज, ना पंप. काळाच्या ओघात पाट गाळाने भरले, फुटले आणि विस्मरणात गेले. सुनील पोटे यांच्या ‘युवा मित्र’ या संस्थेने लोकसहभागातून त्यांचे पुनरुज्जीवन हाती घेतले. या कामात गाळ काढणे हा तुलनेने सोपा भाग. लाभधारक शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था बांधणे, पाळी कुणाची आणि पाटाची देखभाल कुणी करायची हे ठरविणे, हा खरा कस लावणारा भाग होता. धुळे-नाशिक भागातील जुन्या फड पद्धतीतही हीच दृष्टी आढळते. तेथे पाण्याची राखण व वाटप करणारे पाटकरी, जागल्या यांच्या नेमणुका गावानेच केलेल्या असत. बंधारा बांधणाऱ्यांनी तो चालविणाऱ्यांचाही विचार केला होता.

मोठ्या प्रकल्पांतून छोट्या कार्यकर्त्याने काय घ्यावे? कोकण रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. 1990 साली महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. ठरलेल्या तारखेस किती दिवस उरले, हे दाखविणारी उलट मोजणीची घड्याळे लावण्यात आली. तरीही मऊ मातीतील बोगदे ढासळले, गोव्यात मार्गावरून वाद झाला, निधीची चणचण भासली. मूळ मुदत हुकली आणि संपूर्ण मार्गावर गाडी धावण्यास 1998 चा जानेवारी उजाडला. मग घड्याळाचा उपयोग काय? उशीर लपून राहिला नाही, हाच. झाकलेला उशीर दुप्पट होतो; उघड झालेल्या उशिरावर उपाय शोधता येतो.

आता आपल्या आवाक्यातील उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या वस्तीत विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका सुरू करावयाची आहे. प्रथम उद्दिष्ट एका वाक्यात लिहावे. ‘खोली बांधणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘चाळीस मुलांना रोज रात्री दहापर्यंत बसून अभ्यास करता यावा’ हे उद्दिष्ट. पहिले वाक्य उद्घाटनाला संपते, दुसरे तेथे सुरू होते.

त्यानंतर एका वहीत चार रकाने आखावेत : काम, जबाबदार व्यक्ती, तारीख आणि हे काम कोणत्या कामावाचून अडेल. दुसऱ्या रकान्यात एकच नाव असावे. ‘सर्वांनी मिळून’ असे लिहिलेले काम कोणाचेच नसते. चौथा रकाना बहुतेक वह्यांत नसतो आणि घोंगडे तेथेच भिजत पडते. वीजजोडणीचा अर्ज जागेच्या कागदपत्रांवाचून अडतो, कागदपत्रे वारसांच्या संमतीवाचून अडतात. मग रंगकामाची घाई करून काय साधणार? 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत कामांची अशी निर्णायक साखळी शोधण्याची शास्त्रशुद्ध रीत विकसित झाली. त्या साखळीतील एक दिवस हुकला की संपूर्ण प्रकल्पाचा दिवस हुकतो. म्हणून सर्वाधिक अनुभवी कार्यकर्ता रंगकामावर नव्हे, या साखळीवर नेमावा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास बैठक घ्यावी. काय झाले, काय राहिले, कशामुळे अडले, एवढेच तीन प्रश्न. भाषणे नकोत. खर्चाच्या अंदाजात अनपेक्षित बाबींसाठी काही रक्कम राखून ठेवावी आणि जमाखर्च त्याच दिवशी लिहावा. विश्वस्त संस्थेला वर्षाअखेर हिशेब तपासून घ्यावाच लागतो. पण देणगीदाराने विचारण्यापूर्वी तो दाखविण्यात संस्थेची प्रतिष्ठा आहे.

साधनांसाठी पैसा लागतो, हा गैरसमज आहे. वही पुरेशी नसेल, तर लिब्रेऑफिस, गँटप्रोजेक्ट, प्रोजेक्टलिब्रे या संगणक प्रणाली विनामूल्य मिळतात. त्याहून मोठे साधन प्रत्येक गावात आहे : निवृत्त अभियंता, बँकेतील अधिकारी, शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना व्यासपीठावर सत्कारासाठी बोलावण्याऐवजी वही तपासण्यासाठी बोलवावे.

काम पुरे झाल्यावर एक पान अवश्य लिहावे : अंदाज कोठे चुकला, कोण कसोटीस उतरले, पुन्हा करताना काय वेगळे करावे. पुढच्या तुकडीला त्याच खड्ड्यातून जावे लागू नये, म्हणून.

समाज कार्यकर्त्याला पैसा देतो, जागा देतो, वेळ देतो. बंद पडलेला एक उपक्रम त्या विश्वासाला तडा देतो आणि पुढच्या दहा उपक्रमांची दारे बंद करतो. म्हणून उद्घाटनाची तारीख जाहीर करण्यापूर्वी वहीत एक नाव शोधावे : दुसऱ्या दिवशी सायंकाळी अभ्यासिकेचे कुलूप उघडणाऱ्याचे. त्याशेजारी आणखी एक असावे : वर्षभर विजेचे बिल भरणाऱ्याचे. ही दोन नावे नसतील, तर तारीख पुढे ढकलावी. त्यात कमीपणा नाही. लोकांच्या विश्वासाची ती राखण आहे.