मेंदूतील गाठ : फोटोतील डाग आणि उपचाराचा निर्णय

(ट्रस्टच्या आरोग्य शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य कापडाच्या दुकानात गेले. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा हक्क नाही. तथापि मदतीच्या अर्जांना जोडलेले स्कॅनचे अहवाल पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवली. 'गाठ' या एका शब्दाने सारे घर हादरते आणि निर्णय भीतीपोटी घेतले जातात. म्हणून या विषयावर जे ऐकले, वाचले व समजून घेतले, ते आपणापुढे ठेवतो.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात सी. टी. स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली ती एक स्त्री होती. त्यापूर्वी कवटीच्या आतील मेंदू इतका स्पष्ट दिसण्याची सोय नव्हती. या शोधाबद्दल हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे एम. आर. आय. आले, त्याच्या शोधासाठी २००३ साली लॉटरबर व मॅन्सफील्ड यांचा तोच सन्मान झाला.

सी. टी. काही मिनिटांत होते. रक्तस्राव व हाडाची इजा त्यात चटकन कळते. एम. आर. आय.मध्ये गाठीच्या कडा, सभोवतालची सूज, बोलण्याच्या वा हातपाय हलविण्याच्या केंद्रापासूनचे अंतर अधिक बारकाईने दिसते. गाठ काढावी की तुकडा घेऊन तपासावा, किती काढावी, किरण कोठे द्यावेत, हे सारे त्यावरून ठरते. मात्र ताग्यावर डाग दिसला म्हणून तो तेलाचा की रंगाचा हे नुसत्या नजरेने नेहमीच सांगता येत नाही. तद्वतच मेंदूतील डागाचे आहे.

आपल्या देशात याला विशेष महत्त्व आहे. अहेरी वा सिरोंचाकडील एखाद्या तरुणास अचानक फिट येते, स्कॅनमध्ये लहानसे वर्तुळ दिसते. ते कर्करोगाचे असू शकते, क्षयाचे असू शकते, किंवा पट्टकृमीच्या अळीमुळेही असू शकते. एकेकाळी अशी लहान वर्तुळे सर्रास क्षयाची समजली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. राजशेखर, डॉ. चांडी व सहकाऱ्यांनी तुकडे तपासले, तेव्हा त्यांतील बहुतेक अळीमुळे झालेली निघाली. वर्तुळ एकच व २० मिलिमीटरपेक्षा मोठे नसेल, सुजेमुळे मेंदू एका बाजूस सरकलेला नसेल आणि रुग्णास वाढता अशक्तपणा वा मेंदूवरील दाबाची लक्षणे नसतील, तर अळीचा संभव अधिक, अशी कसोटी त्यांनी मांडली. अशी अनेक वर्तुळे काही महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये विरून गेलेली दिसतात. अशा वेळी घाईची शस्त्रक्रिया टळते. अर्थात हा निवाडा तज्ज्ञानेच करावयाचा, आपण नव्हे.

"आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हांस हा आजार कसा?" असा प्रश्न मनात येईल. कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी, भाजी आणि न धुतलेल्या हातांवाटे कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. १९९२ साली न्यूयॉर्कमधील, डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्या ज्यू कुटुंबांतही तो आढळल्याची नोंद आहे. म्हणून यात कोणाच्या आहाराला दोष देण्याचे कारण नाही. शौचालय, स्वच्छ हात आणि नीट धुतलेली भाजी हाच उपाय.

उपचारानंतरही स्कॅनचे काम संपत नाही. किरणोपचारानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत गाठ वाढल्यासारखी दिसू शकते, पण ती प्रत्यक्ष वाढ नसून उपचाराचा परिणामही असू शकतो. तो फरक ओळखण्यास जुन्या फिल्म्सशी ताडून पाहणे उपयोगी पडते. यास्तव प्रत्येक फिल्म, सी. डी. व अहवाल तारखेनुसार जपून ठेवावा, जसे आपण दुकानाच्या वह्या जपतो. सिरोंचाहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तेथे पोहोचल्यावर जुनी फिल्म नसल्याने नवा खर्च व नवा विलंब होणे, हे गरीब कुटुंबास परवडत नाही.

शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. शेत विकण्यापूर्वी योजनेच्या रुग्णालयात, तेथील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

आपल्या ट्रस्टला माझी विनंती आहे. यंत्रासाठी देणगी देणे पुण्याचेच. परंतु रुग्णासोबत नागपूर वा मुंबईस जाणारा एक जाणता माणूस, प्रवासभाडे आणि दुसऱ्या तज्ज्ञाच्या मताची सोय, हे दानही तितकेच मोलाचे आहे. झटका, न थांबणारी डोकेदुखी, पहाटेच्या उलट्या, एका अंगाचा अशक्तपणा किंवा दृष्टीतील बदल दिसला, तर अंगारे-धुपाऱ्यांत दिवस घालवू नयेत. फोटो लवकर काढावा. निर्णय मात्र फोटो, रुग्ण आणि तज्ज्ञ या तिघांना एकत्र बसवून घ्यावा.