आधी अंगण पाहा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. स्वतःला जमत नाही म्हणून साधनाला नावे ठेवणाऱ्याला ती सुनावली जाते. संगणकाच्या माउसबाबत मात्र ती जरा जपून वापरावी, असे माझे मत आहे. इथे अंगण खरोखरच वाकडे असू शकते, आणि ते वाकडे आहे की नाही हे पाच-दहा मिनिटांत तपासताही येते.

आधी या प्राण्याची कुळकथा. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात डग्लस एंगलबार्ट यांना ही कल्पना सुचली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी ती लाकडात उतरवली. एक लाकडी ठोकळा, वर बटण, खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो सर्वांसमोर चालवून दाखवला. यंत्राच्या मदतीने माणसाची विचारशक्ती वाढावी, हा त्यांचा ध्यास होता. म्हणजे हे उपकरण जन्मले ते माणसाच्या सोयीसाठी. पण घराघरांत काही वेळा उलटेच घडताना दिसते.

आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना आपा म्हणतात. साठी उलटल्यावर त्या संगणक शिकल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या आठवणी टाइप करू लागल्या. चाळीसएक पाने झाली आणि विचित्र प्रकार सुरू झाला. फाइलवर एकदाच टिचकी मारली तरी ती उघडायची. एक फोल्डर ओढून नेताना वाटेतच सुटला आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पडला. नातू म्हणाला, “नानी, तुमचा हात थरथरतो.” आपांनी ते मुकाट मान्य केले आणि संगणकावर कापड टाकले. पंधरा दिवस त्या तिकडे फिरकल्या नाहीत. वयस्कर माणसाला, त्यातून बाईला, स्वतःकडे दोष घ्यायला आपल्याकडे एवढेसे निमित्त पुरते.

मी माझ्या घरचा माउस नेऊन त्यांच्या संगणकाला जोडला. टेबल तेच, संगणक तोच, हातही तोच. फाइल एका टिचकीला उघडली नाही, फोल्डर वाटेत सुटला नाही. मग त्यांचा माउस माझ्या घरी लावून पाहिला, तर तिथेही त्याचे तेच चाळे. हरवलेला फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात सापडला. आपा एवढेच म्हणाल्या, “म्हणजे माझा हात धडधाकट आहे तर!”

सारी पद्धत एवढीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीचे तसेच ठेवायचे. माउस बदलल्यावर दोष गेला, तर तो माउसचा. दुसरा माउसही तसाच वागला, तर टेबल, संगणकाचे पोर्ट किंवा सेटिंग तपासायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दुखणे जाईलही, पण ते कुठे होते ते कळणार नाही.

कर्सर उड्या मारत असेल तर खरोखरच आधी अंगण पाहावे. जुन्या माउसच्या पोटात रबरी चेंडू असे. त्याला आणि आतल्या रुळांना मळ चिकटला की कर्सर अडखळे. आताच्या माउसखाली बारीक दिवा आणि भिंग असते. आतला डोळा टेबलाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो आणि आधीच्या चित्राशी पुढचे ताडून हात कुठे सरकला ते ठरवतो. काचेवर किंवा आरशासारख्या चकचकीत टेबलावर ताडून पाहायला खूणच सापडत नाही, आणि तो भांबावतो. खाली साधा कागद किंवा वहीचा पुठ्ठा ठेवून पाहा. हात लावला नसतानाही कर्सर थरथरत असेल, तर माउस संगणकापासून काढून उलटा करा. भिंगाच्या खाचेत केस किंवा कापसाचा तंतू अडकलेला असू शकतो. तो कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच काढावा.

माउस मधूनच मरत असेल तर वायर पाहावी. ती बहुधा माउसमधून बाहेर पडते तिथेच वाकून वाकून आतून तुटते. बिनवायरीचा असेल तर आधी बॅटरी बदला. त्याचा छोटा रिसीव्हर संगणकाच्या मागे, लोखंडी पेटीच्या आड लावलेला असेल तर पुढच्या बाजूला लावा. यातले बरेच माउस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात आणि त्याच पट्ट्यात वायफायचीही गर्दी असते. यूएसबी ३.० पोर्टला लावलेली हार्ड डिस्क अगदी जवळ असेल तर तिचाही या लहरींना अडथळा होतो.

आपांच्या माउसचे दुखणे बटणाचे होते. बटणाखाली छोटासा स्विच असतो आणि त्यात धातूची पातळ पट्टी. ती झिजली की एकदा दाबल्यावर दोनदा टेकते किंवा दाबून धरलेली असतानाच क्षणभर सुटते. संगणकाला वाटते, माणसाने दोनदा दाबले, किंवा बोट उचलले. यावर वरून पुसून उपयोग नसतो. डाग देऊन स्विच बदलावा लागतो. एका दुरुस्तीवाल्याने तो बदलून दिला. मात्र दुकान गाठण्याआधी सेटिंग पाहावे, कारण एकाच क्लिकमध्ये फाइल उघडण्याची सोय विंडोजमध्येही आहे. कोणी नकळत ती सुरू केलेली असू शकते.

आणि समजा, हात खरोखरच थरथरतो. म्हणून काय झाले? डबल क्लिकचा वेग सेटिंगमध्ये कमी करता येतो. नाहीतर एकदाच क्लिक करून एंटर दाबावे, फाइल उघडते. डावखुऱ्यांसाठी दोन्ही बटणांची अदलाबदल करता येते. हाताने माउसच्या तालावर चालावे असे कुठे आहे? तालच हाताप्रमाणे लावून घेता येतो.

घरात कोणी वडीलधारे संगणकाशी झटत असेल, तर चालू स्थितीतला एक जास्तीचा साधा माउस खणात ठेवा. काही बिघडले की त्यांना काही बोलण्याआधी तो लावून पाहा. आणि जुना अगदीच निकामी निघाला, तर घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.