पळीतलं तेल मोजलंत का?



कॅलरी मोजून वजन उतरतं का?
उतरतं.
पण मोजणी खरी हवी.

आपण पोळ्या मोजतो.
"दोनच खाल्ल्या हो," असं सांगतो.
आणि फोडणीला पळीभर तेल पडलं, ते?

पिठातल्या पिष्टाच्या एका ग्रॅममधून मिळतात साधारण 4 कॅलरी.
तेलाच्या एका ग्रॅममधून 9.
दुपटीहून जास्त!
हा हिशेब अमेरिकेतले शास्त्रज्ञ ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला.
म्हणजे दोन छोटे चमचे तेल,
जवळजवळ एका लहान पोळीएवढं.

शिवाय जाता-येता तोंडात टाकलेले शेंगदाणे.
चहातली साखर.
मुलाच्या ताटात उरलेला भात.
घरोघरच्या आयांचा हिशेब तर इथंच चुकतो.

आणखी एक.
वजन घटलं, की शरीराची गरजही घटते.
मग तेवढंच खाऊनही काटा अडतो.
घाबरू नका. हिशेब नव्यानं करा.

खाण्याची वही जन्मभर नको.
पंधरा दिवस लिहा, पण खरं लिहा.
मधुमेहाची औषधं चालू असतील, किंवा गरोदर असाल,
तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आज संध्याकाळी कढईत तेल थेट ओतू नका.
चमच्यानं मोजून घाला.