पडदा विझतो तेव्हा



ग्रामसभा भरलेली असते. जमाखर्चाचा तक्ता भिंतीवरील पडद्यावर उमटलेला असतो आणि नेमका खर्चाचा रकाना वाचला जात असताना चित्र थरथरते, नाहीसे होते, पुन्हा येते. सभेत कुजबुज सुरू होते : आकडे लपवले जात आहेत काय? दोष यंत्राचा असतो, विश्वास मात्र माणसांवरचा उडतो. म्हणून हा दोष शोधण्याची रीत शिक्षक, कर्मचारी व पंचायत सदस्य यांना अवगत असणे अगत्याचे आहे.

लॅपटॉप लिनक्सवर चालत असेल, तर ठपका प्रथम त्या प्रणालीवर येतो. हा न्याय घाईचा होय. 1920 बाय 1080 बिंदूंचे चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवताना एचडीएमआय केबलमधून सेकंदाला सुमारे साडेचार अब्ज बिट वाहतात. चौपट बिंदूंच्या फोर-के चित्रासाठी हा ओघ सुमारे 18 अब्जांवर जातो. फार लांब, जुनी वा सैल बसलेली केबल हा भार पेलू शकत नाही आणि चित्र तुटते.

सबब केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी, मधला अ‍ॅडाप्टर शक्य तर काढावा, आखूड केबल लावून पाहावी. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 1280 बाय 720 निवडावे. भार निम्म्यावर येतो. तेवढ्याने चित्र स्थिरावले, तर दोष बहुधा जोडणीचाच.

पडदा जोडला जाताच आपली क्षमता संगणकाला कळवतो. हा निरोप वाटेत हरवला, तर लिनक्स पुष्कळदा 1024 बाय 768 वर अडून राहतो. हीही जोडणी तपासण्याचीच खूण होय.

केबल व पडदा बदलूनही चित्र हलत राहिले, तर मात्र प्रणालीकडे वळावे. प्रशासकाच्या अधिकाराने ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली असता कर्नलची रोजनिशी समोर येते. ड्रायव्हरची चूक पुष्कळदा तेथे नोंदलेली असते. प्रणाली अद्ययावत केल्यानंतर दोष उद्भवला असेल, तर उबुंटूसारख्या प्रणालीत सुरुवातीच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडून पाहता येतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी व ती लिहून ठेवावी. अन्यथा दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही. ही तपासणी सभेच्या आदल्या दिवशी, त्याच पडद्यावर व्हावी. आणि जमाखर्चाची छापील प्रत सभेत अवश्य असावी. पडदा विझला तरी हिशेब लोकांसमोर राहिला पाहिजे.