स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर घरच्यांची साथ

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. उरलेल्या अरुंद नळीत सुरुवातीला जेमतेम अर्धी वाटी मावते. म्हणून पहिले दोनेक आठवडे पातळच: वरणाचं पाणी, ताक, गाळलेलं सूप, तेही घोट घोट. पुढे मऊ, घोटलेलं अन्न. इथे घरच्यांचा ‘अजून एक घास’ हा मायेचा आग्रह खरोखर बाधतो. छातीत दाटतं, उलटी होते. जेवताना पाणीही पुढे करू नये, अर्ध्या तासाचं अंतर हवं. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास अनेकांचे केस गळू लागतात. बहुधा ते परत येतात, हे धीराने सांगणारं माणूस जवळ लागतं. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र आयुष्यभर. ताप, धाप किंवा न थांबणारी उलटी दिसल्यास लगेच रुग्णालय गाठावं.