पूर ओसरल्यावर



ज्या लोकांविषयीं आज मी बोलणार आहें, त्यांस आपली कोणी रेडिओवर वाखाणणी करावी अशी मुळींच इच्छा नाहीं. तरीहि मी बोलणार आहें. कारण त्यांस पाहून माझ्या मनांत प्रथम जें आलें तें चांगलें नव्हतें, आणि तें एकदां उघड सांगितल्यावांचून मला चैन पडणार नाहीं.

सीना नदी अहिल्यानगरच्या बाजूस उगम पावून आमच्या करमाळा तालुक्याच्या कडेनें खालीं जाते आणि सोलापूरच्या दक्षिणेस हत्तरसंग-कुडल येथें भीमेस मिळते. उन्हाळ्यांत तिच्या पात्रांतून चालत जावें, गुडघा भिजत नाहीं. मुलांस तालुक्याचा भूगोल शिकवितांना मी भीमेवर एक तास घालवीत असें, सीनेची बोळवण दोन वाक्यांत करीत असें. त्याच सीनेनें २०२५ च्या सप्टेंबरांत, वर नगर, बीड, धाराशिव ह्या भागांत अतोनात पाऊस झाल्यावर, करमाळा, माढा, मोहोळ ह्या तालुक्यांतील कांठच्या गांवांत शिरून घरें, गोठे, उभीं पिकें आणि पिकांखालची मातीसुद्धां नेली. लांबोटीजवळ पुण्याचा हमरस्ता पाण्यामुळें बंद झाला. सैन्य आलें, होड्या आल्या. तें सर्व आपण त्या वेळीं वर्तमानपत्रांतून वाचलेंच असेल.

वर्तमानपत्रांत न आलेली गोष्ट पुढची आहे. पुराच्या दिवशीं जें घर पडतें त्याचें छायाचित्र निघतें. परंतु मातीचें घर पुष्कळदां पाणी ओसरल्यावर पडतें. आमच्याकडील जुन्या घरांच्या भिंती मातींत रचलेल्या दगडांच्या नाहीं तर पांढऱ्या मातीच्या, आणि वर माळवद. भिंत पाणी पिते, पायथा लोण्यासारखा मऊ होतो, आणि माळवदाचें ओझें मात्र डोक्यावर तसेंच राहतें. मग ऊन पडतें. भिंत एका अंगानें सुकूं लागते, तडा जातो, आणि आठवड्याभरानें, सगळे निर्धास्त झाले असतां, ती बसते. तोंवर मदतीच्या मोटारी परत गेलेल्या असतात. आपण शहरांतील मंडळी पहिल्या आठवड्यांत गाठोडीं भरभरून जुने कपडे पाठवितों, हें ठीकच आहे. पण तिसऱ्या महिन्यांत पूरग्रस्तास कपडे नको असतात. त्यास गवंड्याचे आठ दिवस हवे असतात, आणि ते कोणी पाठवीत नाहीं.

दिवाळी होऊन गेल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला कीं, आमच्या गांवांत नगरकडील एका लहानशा चर्चचीं दहा-बारा माणसें आलीं आहेत, पडलेलीं घरें उभीं करून देऊं म्हणतात, पैसे घेत नाहींत. गुरुजी, आपण येऊन जरा पाहून जावें. ह्या ‘पाहून जावें’चा अर्थ मला कळला. गांवांत चर्चा सुरू झाली होती, आणि खरें सांगावयाचें तर माझ्याहि मनांत तीच होती.

ही शंका आजची नव्हे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ पासूनचें. पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले, आणि मिशननें लोकांस अन्न व काम दिलें, पोरक्या मुलांस आश्रय दिला. ‘भाकरीसाठीं बाटले’ हें वाक्य मीं लहानपणीं आमच्याच ओसरीवर ऐकलें आहे. त्या वेळीं भाकरी देणारा दुसरा कोण दाराशीं उभा होता, हें मात्र आमच्या ओसरीवर कोणी सांगत नसे. दुष्काळांतील कामाबद्दल नगरच्या डॉ. रॉबर्ट ह्यूम ह्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळालें. हा गृहस्थ जन्मानें मुंबईचा. पदकास तो पात्रहि होता. पण त्याच्या हाताखालीं गांवोगांव हिंडलेल्या मराठी ख्रिस्ती माणसांचीं नांवें आज आपणांपैकीं किती जणांस सांगतां येतील? मला एकहि येत नाहीं, आणि मी नगरच्या शेजारचा आहें.

काळ त्या दुष्काळांपाशीं थांबला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर पिअर सेरेसोल नांवाचा एक स्विस ख्रिस्ती इंजिनियर आपल्या सोबत्यांसह तेथें येऊन खेडीं नव्यानें वसविण्याच्या कामीं स्वतः राबला. त्याचा बाप एके काळीं स्विस राष्ट्राचा अध्यक्ष होता. पण मुलाच्या हातीं फावडें. फाळणीच्या वेळीं, १९४७ सालीं, निर्वासितांसाठीं येथील प्रोटेस्टंट मंडळ्यांनीं जें साहाय्याचें काम आरंभिलें, त्यांतूनच ‘कासा’ ही संस्था वाढली. आणि १९९४ सालीं रेडक्रॉसच्या पुढाकारानें आपत्तिसाहाय्याचे जे नियम लिहिले गेले, त्यांत मदत ही कोणत्याहि धर्ममताच्या प्रसारार्थ वापरूं नये असें स्पष्ट कलम आहे; त्या नियमांच्या पुरस्कर्त्यांत जागतिक ख्रिस्ती मंडळ्यांची परिषद आणि कॅथॉलिकांची ‘कॅरिटास’ हींहि आहेत. परंतु कलमें कागदावर असतात. म्हणून मी एस्. टी. नें त्या गांवीं गेलों.

सकाळीं कामापूर्वीं त्या माणसांनीं लिंबाखालीं पांच मिनिटें आपली प्रार्थना केली. मी कान टवकारून उभा. गांवच्या कोणाला त्यांनीं बोलाविलें नाहीं, कोणाच्या हातीं पुस्तक दिलें नाहीं. त्यांत एक म्हातारा गवंडी होता, एक निवृत्त रेल्वे कारकून, दवाखान्यांत काम करणाऱ्या दोन बाया आणि बाकी कॉलेजांतलीं पोरें. मीं गवंड्यास सरळच विचारलें, “आपण हें कशासाठीं करतां?” तो भिंतीवरची नजर न काढतां म्हणाला, “गुरुजी, तेवढा ओळंबा धरा बरं. वाऱ्यानं हलतोय.” मीं ओळंबा धरला. माझ्या प्रश्नाचें उत्तर त्यानें नंतरहि दिलें नाहीं, आणि मीं पुन्हां विचारिलें नाहीं.

काम मात्र निगुतीचें. जुन्याच भिंतीचा दगड वेंचून घेतला, पण जोतें दोन हात उंच केलें. माळवद न घालतां पत्रे घातले, आणि ते नुसते वर दगड ठेवून न दाबतां आंकड्यांनीं आवळले. एका विधवा म्हातारीचें घर चाललें होतें. भिंत छातीइतकी आली तेव्हां ती भीतभीत म्हणाली, “बाबा, हिथं माझी देवळी होती. कमळाभवानीची तसबीर असायची.” आजूबाजूचीं माणसें गप्प झालीं. गवंड्यानें विचारलें, “आजी, तसबीर केवढी?” तिनें हातांनीं माप दाखविलें. त्यानें काडीनें तें घेतलें, दोन दगड उतरविले आणि देवळी धरली. वर निरंजनाची काजळी भिंतीस लागूं नये म्हणून चपटा दगडहि तिरपा बसविला. मी पस्तीस वर्षें मुलांस सहिष्णुतेवर निबंध घातले. हा तिरपा दगड त्यांपैकीं एकाहि निबंधांत नव्हता.

हीं माणसें आपली शिदोरी बरोबर आणीत, गांवावर भार नको म्हणून. तिसऱ्या दिवशीं म्हातारी रागावली. “माझ्या घराला हात लावता, आन् माझ्या हातची भाकर चालत नाही व्हय?” पीठ तिनें शेजारून उसनें आणलें होतें. भाकरी, पिठलें, शेंगांची चटणी. पंगत तिच्या अर्ध्या भिंतींच्या घरांतच बसली, मीहि बसलों. गांवांतील कांहीं जण, काम अडलें आहे असें सांगून, बसले नाहींत. तें काम कोणतें हें सर्वांस ठाऊक होतें. मीं त्यांचीं नांवें येथें घेत नाहीं, कारण ते माझे विद्यार्थी आहेत, आणि त्यांना मींच शिकविलें.

पुढें सत्काराची गोष्ट निघाली. शाल, नारळ, मंडप, पाहुणे! पुरानंतरच्या एका समारंभांत, एका ब्लँकेटासाठीं बायांना दहापासून एकपर्यंत उन्हांत बसविलेलें मीं पाहिलें होतें. आभाराचीं भाषणेंहि त्यांनाच ऐकावीं लागलीं. त्या माणसांनीं सत्कारास नम्रपणें नकार दिला आणि त्याच पैशांत सिमेंटचीं पोतीं येतील का, असें विचारलें. सरपंचांनीं पोतीं दिलीं. म्हातारीनें मात्र एक हट्ट धरला: प्रत्येकाचें नांव, बापाचें नांव आणि गांव मीं वहींत लिहून घ्यावें. तिला वाचतां येत नाहीं. मीं लिहून घेतलीं आणि तिला मोठ्यानें वाचून दाखविलीं; प्रत्येक नांव ऐकून ती त्या माणसाकडे पाही. तीं येथें वाचूं नयेत असें त्यांनीं मला बजावलें आहे.

दोन घरांचा गिलावा राहिला होता. संक्रांतीनंतर येऊं म्हणाले आणि आले; ह्या खेपेस आठच जण, कारण पोरांच्या परीक्षा जवळ आल्या होत्या. गांवचे दोन गवंडी त्यांच्या जोडीला कामास लागले, आणि मी ओट्यावर बसून वाळू चाळीत होतों.